शिगेचं माप

माझं लग्न होऊन मी कागलहून कोल्हापुरात आले तेव्हा संस्थान अजून होतं आणि धान्यावरचा कंट्रोलही होता. कंट्रोल कधी उठे, कधी परत बसे. बसला की रेशनच्या दुकानात किडका गहू आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळे, तिची भाकरी थापताना हातावरच फाटायची. उठला की बाजारात सगळं मिळे, फक्त आमच्यासारख्यांच्या हाताला लागत नसे.

आमचे हे कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत. मी मुलींच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. घरात तिसरं माणूस सासूबाई. सासरे दरबारच्या कचेरीत कारकून होते, ते माझ्या लग्नाआधीच गेले. मंगळवार पेठेतल्या एका गल्लीत भाड्याच्या तीन खोल्यांत आम्ही राहत होतो. पुढची खोली रिकामीच असायची, कारण तिच्यात ठेवायला आमच्याजवळ काही नव्हतं.

यांचा एक विश्वास होता आणि तो ते जेवताना, चालताना, कुणी भेटलं की बोलून दाखवत. माणूस मुळात हावरा नाही, असं ते म्हणत. हाव ही बाजारानं लावलेली सवय आहे. नाणं आलं, साठवायची सोय झाली, तेव्हापासून माणूस बिघडला. वर्गात त्यांना उलटं शिकवावं लागे. प्रत्येकानं आपापला फायदा पाहिला की त्यातूनच सगळ्यांचं भलं होतं, असं पुस्तकात होतं. ते हे नीट शिकवत, मग पुस्तक मिटून म्हणत, "आता हे खोटं का आहे ते सांगतो." मुलं त्यासाठीच वर्गात येत, असं एका विद्यार्थ्यानं मला सांगितलं होतं.

एका संक्रांतीच्या सुमाराला कंट्रोल उठलेला असताना यांनी गल्लीतल्या लोकांना आमच्या पुढच्या खोलीत बोलावलं. दहाबारा घरं होती. यांनी सांगितलं की शाळू निघाला की आपण सगळे मिळून खेड्यातून थेट ज्वारी आणू, इथे या खोलीत ठेवू, आणि दर रविवारी ज्याला लागेल तेवढी त्याच भावानं देऊ. मध्ये दुकानदार नको.

लोक एकमेकांकडे बघत राहिले. पहिला होकार शिंपीदादांचा आला. ते गल्लीच्या तोंडाशी एका फळीवर मशीन मांडून बसत. सगळ्यात गरीब घर त्यांचंच. "प्रोफेसर म्हणत्यात ते बरोबर हाय," ते म्हणाले. "माझ्याकडनं पोती शिवून देतो सगळी. त्येचं काय घेणार न्हाय." मग समोरचे जमादारमामा तयार झाले. ते पोलिसातून निवृत्त झाले होते आणि गल्लीत त्यांचा शब्द चाले. त्यांनी मान हलवल्यावर बाकीच्यांनीही हलवली.

माझ्या वडिलांच्या ओळखीनं कागलकडच्या दोन गावांतून ज्वारी आली. बैलगाड्या गल्लीत शिरत नव्हत्या, तेव्हा सगळ्या पुरुषांनी तोंडाशी उभ्या गाड्यांतून पोती खांद्यावर घेऊन आणली. शिंपीदादांनी जुनी पोती निळ्या दोऱ्यानं ठिगळं लावून तयार केली होती. त्या दिवशी जमादारांच्या घरून सगळ्यांना चहा आला. सासूबाई दारात बसून एकेक पोतं आत जाताना बघत होत्या. त्यांनी हात जोडले होते.

ते दोनअडीच महिने मला अजून आठवतात. रविवारी सकाळी हे स्वतः माप घेऊन बसत. बायका टोपल्या घेऊन येत, ज्वारीबरोबर गप्पा होत, कुणाच्या घरी पाहुणे असले तर शेजारीण म्हणे, "माझ्यातलं एक मापटं हिला द्या, पुढच्या येळी वळतं करा." कोपऱ्यावरचा दुकानदार आधी रागावला होता, मग तोही एकदा येऊन बघून गेला. यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान असे ते मी नंतर कधी पाहिलं नाही. त्यांना वाटे, आपलं म्हणणं सिद्ध झालं.

घरातलं धान्य सासूबाईंच्या ताब्यात होतं. रविवारी आमच्या वाटणीची ज्वारी त्यांच्याकडे द्यायची, दळणाला काढणं, पीठ मळणं त्याच बघत. आम्हा दोघांना त्या पोटभर वाढत. स्वतः शेवटी बसत आणि भाकरीचा तुकडा घेऊन उठत. मी म्हणे, "आत्ती, अजून एक घ्या की." त्या म्हणत, "म्हाताऱ्या माणसाला किती लागतंय?" त्या वाळत चालल्या होत्या. मला वाटे, वय झालं.

वैशाखात बातमी आली. बातमी कुठून आली ते कुणालाच सांगता आलं नाही. संस्थान मुंबई प्रांतात मिसळलं होतं, आणि लोक म्हणू लागले की आता मुंबईचं सरकार कंट्रोल परत बसवणार, ज्याच्याकडे साठा सापडेल तो उचलून नेणार. एका ठिकाणी इतकी पोती म्हणजे साठाच. आमच्या शाळेतल्या बाईसुद्धा मला विचारू लागल्या, "तुमच्या खोलीत धान्य आहे ना?"

जमादारमामा सकाळी आले. हातात निळ्या दोऱ्याच्या ठिगळांचं रिकामं पोतं होतं; रविवारी संपलेली पोती लोक घरी नेत.

"प्रोफेसर, माझ्या वाटणीचं एकदम देऊन टाका. पोरीचं लगीन ठरतंय. लागणार हाय."

"लग्न ठरलं का?" यांनी विचारलं.

"ठरंल की."

त्यांच्या मागून दुसरे आले, मग तिसरे. तासाभरात सगळी गल्ली दारात होती. हे उंबऱ्यावर उभे राहिले आणि वर्गात बोलत तसं बोलू लागले. म्हणाले, "एकानं नेलं तर सगळे नेतील. कुणीच नेलं नाही तर कुणालाच भ्यायचं कारण नाही. सरकारनं विचारलं तर आपण सगळे मिळून सांगू की हे दहा घरांचं धान्य आहे. पण आज घरोघर गेलं तर उद्या बाजारात भाव चढेल आणि तो आपणच चढवलेला असेल." सगळे शांतपणे ऐकत होते. जमादारमामा म्हणाले, "बरोबर हाय." मागून एक बाई म्हणाली, "खरं हाय, मास्तर." प्रत्येकाची मान हलत होती. पण हातातलं पोतं कुणीही खाली ठेवलं नाही.

शेवटी यांनी खोली उघडली.

शिंपीदादा त्या दिवशी गल्लीत नव्हते. बायकोचे दिवस भरले होते, अडल्यामुळे तिला दवाखान्यात नेलं होतं आणि ते तिथेच होते. यांनी आधीच सांगितलं, "शिंप्यांचा वाटा राहिला पाहिजे." सगळ्यांनी एका तोंडानं होय म्हटलं. जमादारमामा तर म्हणाले, "त्येचं पयलं. बाळंतीण येणार घरात."

मोजायला हेच बसले. मी त्यांच्यामागे पोत्यांची तोंडं उघडून देत होते. रविवारी माप भरलं की वर राहिलेली शीग ते हात फिरवून सपाट करत. त्या दिवशी पहिल्या मापावर त्यांनी हात नेला तेव्हा जमादारमामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे की शीग. शेवटचंच हाय." यांचा हात थांबला. निवृत्त माणूस, रोज नमस्कार करणारा शेजारी, त्याच्या तोंडासमोर मूठभर ज्वारी ओरबाडून काढणं यांना जमलं नाही. मग दुसऱ्याचंही शिगेचं झालं, कारण पहिल्याचं झालं होतं. मापाच्या काठावर जेवढी राहील तेवढी ज्वारी प्रत्येक जण नीट हात आडवा धरून, एक दाणा सांडू न देता पोत्यात घेत होता. कुणी चोरी केली नाही. कुणी जास्तीचं माप मागितलं नाही.

दुपारी खोलीत शेवटचे जमादारांचे शेजारी उरले. त्यांचं भरून झालं आणि यांनी मागे पाहिलं. मी रिकामी पोती झटकत होते. शिंप्यांच्या वाट्याला जमिनीवर सांडलेली, मातीत मिसळलेली सूपभर ज्वारी उरली होती. त्यांचा सगळा वाटा शिगेत गेला होता.

हे संध्याकाळी घरोघर गेले. प्रत्येकाकडे एकेक पायली मागितली. एकाकडे दळायला गेली होती. एकाच्या गावाकडच्या भावानं नेली होती. जमादारमामी दारातच म्हणाल्या, "आवो, आमाला तरी कुठं पुरतंय? मी न्हाय म्हणत न्हाय. पण ह्यांना विचारते." मामा घरातच होते, आतून त्यांच्या खोकण्याचा आवाज येत होता. हे परत आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आपल्यातली अर्धी काढ." सासूबाईंनी मुकाट्यानं अर्धी मोजून दिली. ती मात्र सपाट मापानं दिली.

कंट्रोल बसला नाही. त्या महिन्यात तरी नाही. भाव मात्र बसल्या जागी चढत गेला. शिंपीदादा बायकोला आणि मुलाला घेऊन घरी आले. मुलगा झाला होता. आम्ही दिलेली ज्वारी आठपंधरा दिवसांत संपली, आणि ते कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. तिथून ते सरळ आमच्याकडे आले. यांना म्हणाले, "प्रोफेसर, जरा चला."

दुकानात मागच्या भिंतीला पोती लावलेली होती. त्यांची ठिगळं निळ्या दोऱ्यानं शिवलेली होती.

हे दुकानदाराला म्हणाले, "ही आमच्या गल्लीची पोती आहेत."

"व्हय," दुकानदार म्हणाला. त्याला लपवायचं काही नव्हतं. "मी कुणाच्या दारात गेलो न्हाय, मास्तर. भाव चढला तशी ती आपणहून घेऊन आली. त्यास्नी फायदा झाला, मला बी व्हईल. ह्यात वाईट काय केलं कुणी?"

हे तिथून तसेच निघाले, असं शिंपीदादांनी मला नंतर सांगितलं. घरी येऊन ते पुढच्या रिकाम्या खोलीत उभे राहिले. दुकानदार बोलला तेच वाक्य ते वर्षानुवर्षं वर्गात वाचून दाखवत होते आणि मग पुस्तक मिटत होते. बाहेरून शिंपीदादांच्या मशीनचा आवाज येत होता. आपण शिवलेल्या पोत्यातली ज्वारी चढ्या भावानं विकत घेऊन ते कामाला बसले होते.

शिंपीवहिनीला दूध येईना. ती जेमतेम विशीची पोर होती. उन्हातून दारोदार फिरून ज्वारी मागायची, पेज करायला. मी शाळेत असताना ती आमच्याकडेही आली होती, हे मला फार उशिरा कळलं. बाजारातली स्वस्त मिलो तिला पचत नव्हती. मी जमेल तसं माझ्या पानातलं नेऊन देत होते, एकदोनदा दूधही दिलं. ते पुरेसं नव्हतं हे मलाही दिसत होतं. आषाढात मूल गेलं. डॉक्टर म्हणाले कावीळ होती, आईला खायला मिळालं असतं तरी मूल वाचलं असतं असं सांगता आलं नसतं. असेल तसं. सगळी गल्ली आली होती. जमादारमामा पुढे होते. सगळ्या बायका रडल्या आणि त्यांचं रडणं खरं होतं. मी प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत होते. एकीच्याही चेहऱ्यावर मला लपवलेलं काही दिसलं नाही.

नवरात्राच्या आधी घरातल्या सगळ्या वाकळा, चादरी धुवायला काढतात. सासूबाईंच्या खोलीत कोपऱ्यात वाकळांची चळत होती. त्या मला म्हणाल्या, "ती ऱ्हाऊ दे. ती मी बघते." मला वाटलं त्यांना उचलायला नको, म्हणून त्या न्हाणीत गेल्या असताना मी चळत उचलली. मागे मातीचा डेरा होता. तोंडाला फडकं बांधलेलं. फडकं सोडलं तेव्हा उबट वास आला. आत काठोकाठ ज्वारी होती आणि ती हलत होती. दाण्यादाण्याला टोक्यांची कीड लागली होती, निम्म्याचा भुगा झाला होता.

मी यांना हाक मारली. सासूबाई ओल्या केसांनी आल्या आणि डेऱ्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी फडकं उचलून परत तोंडावर टाकलं, जणू आम्ही काही पाहिलंच नव्हतं.

"आई, ही कधीची?" यांनी विचारलं.

"रोजची मूठ मूठ. माझ्याच पोटची हाय. तुमच्यातलं काय घेतलं न्हाय मी."

ते खरं होतं. आम्ही पोटभर जेवलो होतो. ती ज्वारी त्यांच्या न खाल्लेल्या भाकऱ्यांची होती.

"शिंपीवहिनी आली होती?" मी विचारलं.

"आलती."

"तुम्ही काय सांगितलं?"

"न्हाय म्हटलं." त्या जमिनीकडे बघत होत्या. "ती गेल्यावर लई रडले बी. पर न्हायच म्हटलं."

यांचा आवाज चढला. मी तो पहिल्यांदाच ऐकत होते. "का? ती किडत होती, आई. तू खाल्ली नाहीस, विकली नाहीस, त्या मुलाला दिली नाहीस. मग कशासाठी?"

सासूबाई मूळच्या माणदेशाच्या बाजूच्या. लहानपणी त्यांनी मोठा दुष्काळ पाहिला एवढं आम्हाला माहीत होतं, त्यापुढचं त्यांनी कधी काढलं नव्हतं. त्या दिवशी काढलं. आवाज न चढवता, कालचं सांगावं तसं.

"आमच्या शेजारी माझी चुलती ऱ्हायची. लई मायाळू. दारात कोण बी येऊ दे, पसाभर घालायची. तिची तिन्ही पोरं गेली, मग ती गेली. माझ्या आयनं भुईत गाडगं पुरलं व्हतं. चुलतीचं धाकटं पोर आमच्या दारात बसून रडायचं. आय आतनं कडी घालायची आन आमच्या तोंडात कण्या घालायची. म्हणायची, चावू नका, आवाज व्हतोय. आमी चौघं बी जगलो. वाडीत वाटून खाणारं जे व्हतं त्यातलं कोण ऱ्हायलं न्हाय. जे ऱ्हायलं ते आमच्यासारखं. तू बी त्यातलाच, बाळा."

"तो दुष्काळ होता, आई. आता काय होतं?"

"पोटाला काय ठावं, कुठला दुष्काळ हाय आन कुठला न्हाय?"

यांनी डेरा दोन्ही हातांनी उचलला, बाहेर नेला आणि गल्लीत भर उन्हात उपडा केला. जमादारांच्या कोंबड्या धावत आल्या. लोक दारात येऊन बघू लागले. सासूबाई मागोमाग आल्या, खाली बसल्या आणि कोंबड्यांना हातानं हुसकत, टोके लागलेली ज्वारी पदरात गोळा करू लागल्या. मी त्यांना धरून उठवायला गेले तर त्यांच्या अंगात एवढी ताकद कुठून आली होती कोण जाणे, मला उठवता आलं नाही. शिंपीदादा मशीनवर बसले होते. त्यांनी चाक थांबवून आमच्याकडे पाहिलं. ते काय समजायचं ते समजले असावेत, कारण हे त्यांच्याकडे जायला निघाले तेव्हा त्यांनी मान खाली घालून पुन्हा मशीन सुरू केलं.

दिवाळीच्या आत ते दोघं इचलकरंजीला गेले. तिथे मागावर काम मिळत होतं. त्यांची खोली जमादारांनी मुलासाठी घेतली.

दिवाळीला नेहमीसारखी फराळाची ताटं फिरली. जमादारमामींनी माझ्या ताटात दोन करंज्या जास्त ठेवल्या. म्हणाल्या, "तू वाळलीस गं. खात जा." माझ्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला आणि तो हात मायेचाच होता. मला त्यांचा राग धरता आला असता तर बरं वाटलं असतं. दुष्ट माणसं असती तर त्यांच्यापासून लांब राहता आलं असतं, पुढे होणाऱ्या पोरांना त्यांच्यापासून लांब ठेवता आलं असतं. इथे कुणापासून लांब जायचं? घरातसुद्धा तेच होतं, आणि तेही उपाशी राहून जमवलेलं.

सासूबाई पुढे चारपाच वर्षं होत्या. यांनी त्यांना कधी दोष दिला नाही, पण त्यांच्याशी बोलणंही कामापुरतं राहिलं. त्या पीठ काढताना मूठ बाजूला करत, मी ती दुसऱ्या दिवशी गुपचूप डब्यात परत घाली. त्यांना ते कळत असे. आमच्यात त्यावर कधी शब्द झाला नाही. कंट्रोल कायमचा उठल्यावर बाजारात धान्याच्या राशी लागल्या, कोपऱ्यावरच्या दुकानदारानं वर माडी चढवली, तरीही त्यांची मूठ चालू होती.

यांना बढती मिळाली. शिकवणं आणखी चांगलं झालं असं लोक म्हणत. धडा पूर्ण करत, फळ्यावर आकृती काढत, तास वेळेवर संपवत. पुस्तक मिटून पुढे बोलणं तेवढं बंद झालं. त्यांच्या वर्गात कधी न बसलेल्या मलाही ते कळलं, कारण विद्यार्थी घरी येईनासे झाले.

एक तेवढा आला होता, परीक्षेच्या आधी. गडमुडशिंगीचा शेतकऱ्याचा मुलगा, सायकलवरून यायचा. मी चहा ठेवला. त्यानं वही उघडली आणि विचारलं, "सर, हाव माणसात मुळातच असते, का बाजार शिकवतो?"

पूर्वी या प्रश्नावर हे जेवण विसरले असते. ते म्हणाले, "दोन्ही बाजू लिहा. पाचपाच ओळी."

"आणि खरं काय, सर?"

"ते विचारत नाहीत."

मुलानं ते वहीत उतरवून घेतलं, चहा प्याला, मला नमस्कार केला आणि सायकलला टांग मारून निघून गेला. नंतर समजलं, त्या पेपरात त्याला चांगले मार्क पडले.